वीस हजार किलोमीटरपर्यंत

माझ्या सासऱ्यांचा जगातल्या एकाही छापील अक्षरावर विश्वास नव्हता, आणि मुलगी दिली ती मात्र एका ग्रंथपालाला. वसईच्या पश्चिमेला, केळी, अळू आणि सोनचाफ्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या अंगी एवढा संशय कुठून आला ते मला कधी कळलं नाही. शेजारची वाडीवाली माणसं पावसावर, देवावर आणि फुलबाजारातल्या दलालावर विश्वास टाकून मोकळी होत. सासरे यांपैकी कोणाशी भांडले नाहीत. त्यांचं वैर एकाशीच होतं : इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या मजकुराशी. डब्यावर ‘लाँग लाइफ’ दिसलं की ते चष्मा पुसत, डबा हातभर लांब धरत आणि दुकानदाराला विचारत, "लाइफ कोनाची? तेलाची, इंजिनची का तुमच्या कंपनीची? लिवा ना नीट." पुढे ‘वीस हजार किलोमीटरपर्यंत’ असं असलं तर त्यांना अधिकच स्फुरण चढे आणि ते माझ्याकडे वळत; ग्रंथपाल म्हणून मी त्यांचा ‘मास्तर’. "यातला ‘पर्यंत’ बघा, मास्तर. उद्या तेल नाक्यावर संपलं तरी ते ‘पर्यंत’च्या आतच झालं. खोटं कुठे बोलले?" आणि अक्षरांच्या डोक्यावर तळटीपेची बारीकशी चांदणी असली, की खाली काहीतरी पुरून ठेवलंय असं समजून ते डबा उलटा करत.

त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळे ते नंतर. आधी त्याच्या गाडीची चौकशी. अंगणात मोटारसायकल उभी राहायचा अवकाश, हे खाली वाकून तेलाची पट्टी बाहेर काढत, तेल दोन बोटांत चोळत, हुंगत आणि वैद्याने नाडी सोडावी तशा चेहऱ्याने सांगत, "जळलंय." मग टीपकागद येई. त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि तो पसरू द्यायचा. मधला डाग किती काळा, बाहेरचं वर्तुळ किती पिवळं, कडा कुठे तुटली, यावरून ते इंजिनाचं भूत-भविष्य सांगत. ओटीवरच्या दोरीवर एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला असे डागाळलेले कागद वाळत असत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पत्रिकेचा विषय निघालाच नाही. मी कांदेपोहे खात होतो आणि ते बाहेर माझ्या गाडीचा कागद उन्हात धरून उभे होते. आत आले ते होकार घेऊनच. "वेळेवर तेल बदलनारा मानूस हाय," असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. गाडी माझ्या मित्राची होती. ही गोष्ट मी लग्नानंतर चार वर्षांनी बायकोला सांगितली, तर ती म्हणाली, "बाबांना नको सांगूस. त्यांना वाटेल, आता जावईच बदलावा लागेल."

रिकामा डबा त्यांच्या घरातून धड बाहेर गेला नाही. कोयत्याने त्याचं पोट फाडूनच ते तो भंगारवाल्याला देत, म्हणजे कोणी त्यात जुनं तेल भरून नवं म्हणून विकू नये. स्वतःचे डबे संपले की दुसऱ्यांचे. गोखिवऱ्याच्या ज्या गॅरेजात त्यांचा टेम्पो जाई तिथला मेकॅनिक ते दिसले की आधी रिकामे डबे पुढे आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "काका आले, बली द्या." हळूहळू हा संशय तेलाबाहेर झिरपला. घरातल्या प्रत्येक दिव्यावर तो लावल्याची तारीख होती. छत्रीच्या कंपनीला त्यांनी पत्र पाठवलं होतं. माझ्या मुलाच्या बारशाला भटजींनी ‘शतायुषी भव’ म्हणून अक्षता टाकल्या, तेव्हा पाठीमागून हळूच आवाज आला, "अटी काय हायेत?"

अशा माणसाच्या हाती एक दिवस हमीपत्र पडलं. तेलाच्या एका कंपनीने छापलं होतं की फक्त आमचं तेल वापरा, दर दहा हजार किलोमीटरला न चुकता बदला, प्रत्येक बिल जपून ठेवा. मग पाच लाख किलोमीटरच्या आत इंजिन बसलं तर आम्ही ते फुकट बांधून देऊ. कोणीही शहाण्याने ते फेकून दिलं असतं. सासऱ्यांनी ते आव्हान म्हणून स्वीकारलं. कंपनी खोटं बोलते हे सिद्ध करायचं, तर आपल्या बाजूने एकही चूक राहता कामा नये. त्यांनी फुलांचा टेम्पो त्या तेलावर घातला. अकरा वर्षं दर दहा हजारांना तेल बदललं आणि बिलांची फाइल केली. अडचण एवढीच झाली की कंपनीला पकडण्यासाठी इंजिन बसायला हवं होतं, आणि अशी सेवा मिळाल्यावर ते बसेना. मेकॅनिक म्हणे, "काका, तुमचा टेम्पो माझ्या पोटावर पाय देतोय." सासरे खिन्नपणे मान हलवत. इंजिनाचा आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आणि निराशा एकाच वेळी दिसे.

मग ओल्या ओटीवरून घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि ते सात महिने खाटेवर होते. टेम्पो चालवायला गावातला एक ड्रायव्हर मिळाला. तेलाचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "तेच तेल. दहा हजार. बिल." एवढंच म्हणाले. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, सेम कंपनी, नवीन आलंय. लाँग लाइफ. वीस हजार टेन्शन नाय." मी डबा वाचला. इतकी वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाची एक खोड असते : सुबक छापलेलं त्याला खरं वाटतं. मी तो डबा घेतला. दहा हजार झाल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, तेल?" मी म्हणालो, "अजून तेवढेच बाकी आहेत." त्याच आठवड्यात खाटेवरून प्रश्न आला, "बदललं ना, मास्तर?"

खरं सांगायचं तर या माणसासमोर मी डब्यावर विश्वास ठेवला हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा चोरी कबूल करणं सोपं होतं. मी म्हणालो, "हो."

वीस हजार भरायच्या आतच, गौरीच्या आदल्या दिवशी, फुलं उतरवून परतताना टेम्पो सातिवलीच्या फाट्यावर खडखडला आणि थांबला. गॅरेजात इंजिन उघडलं तर आत डांबरासारखा गाळ. सासरे काठी टेकत आले. त्यांनी खिशातून टीपकागद काढला, एक थेंब टाकला आणि बाकावर बसून तो पसरण्याची वाट पाहिली. तो पसरला नाही. काळा ठिपका जिथल्या तिथे राहिला. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस गॅरेजात आला. तिशीतला, घामाघूम, सज्जन. अशी फाइल त्याने जन्मात पाहिली नसावी. एकेक बिल उलटताना तो पुटपुटत होता, "काका, मानलं तुम्हाला." सासरे ताठ बसले होते. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर होता. शेवटाकडे येऊन तो थांबला.

"काका, इथलं एक बिल दिसत नाही. मधल्या दहा हजाराचं."

मी चहाचे ग्लास घेऊन उभा होतो. मी तोंड उघडलं, तोच सासरे म्हणाले, "नसनारच. पाय मोडला होता. राहिलं माझ्याकडून."

"अहो, एवढ्यासाठी कशाला? दुकानातून डुप्लिकेट बिल आणा. मी बसतो तोवर. बाकी सगळं ओके आहे."

"तेल बदललं नाय, तर बिल कुठलं आनू?"

"काका, कोण बघतंय? मला पण वाटतं तुम्हाला मिळावं."

"मग अट कशाला छापली?" सासरे कडाडले. "तुमच्याच कंपनीची अट, आनि ती मीच सांभाळायची, तुमच्यापासून?"

बिचारा माझ्याकडे बघू लागला. कंपनीची अट वाचवण्यासाठी कंपनीच्याच माणसावर ओरडणारं गिऱ्हाईक त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्याने अर्जावर ‘मागे घेतला’ असं लिहून सही घेतली आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

परतताना आम्ही रिक्षात होतो. फाइल त्यांच्या मांडीवर होती. न राहवून मी विचारलं, "बाबा, बिल असतं तर त्यांनी खरंच इंजिन बांधून दिलं असतं?"

"आता कसं कळनार?"

"पण तुम्हाला काय वाटतं?"

ते थोडं हसले. "अकरा वर्षं त्यांचंच तेल ओतलं, मास्तर. विश्वास नसता तर ओतलं असतं का?"

टेम्पो पुढे भंगारात गेला. यंदा श्रावणात सासरेही गेले. बायको त्यांचे कपडे आवरते आहे आणि मी हे लिहितो आहे, दिवसाला चार ओळी, कारण त्याहून जास्त होत नाही. ती हमी खरी होती की खोटी हे आता कोणालाच कळणार नाही. गॅरेजात माझ्याकडे पाहिल्यावर त्यांनी मला तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. मी रोज ठरवत होतो की आज सांगू. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडत आलेला हा माणूस माझ्यादेखत एकदाच खोटं बोलला, ते मोजून दोन शब्द : "राहिलं माझ्याकडून."