कानेदा-सान आल्याच नाहीत

किमबाई संतापल्या की आवाज खाली आणत. राग जितका मोठा, तितका आवाज बारीक. मग समोरच्याला वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला त्या सोडत नसत.

त्यांचे वडील कोरियातून आलेले. जपानातल्या कावासाकी शहरात कारखान्यांमागे भंगार वेचायचे. किम हे कोरियन आडनाव सांगितलं की भाड्याने खोली मिळायची नाही, म्हणून सगळ्या घराने कानेदा हे जपानी नाव लावलं. "नाव देऊन टाकलं, तरी छप्पर गळतच राहिलं," बाई म्हणत. माझे वडील पुण्याला मार्केट यार्डात हमाल. मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी मी तिथे गेले. आमच्या भागातल्या नागरी केंद्रात बाई परदेशी बायकांना जपानी शिकवत. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, मानसी.

"जन्मापासूनचं?"

नाही, म्हटलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो. माझं द्वारका हे नाव सासरी गावंढळ वाटलं होतं.

"मग त्या तांदळाचा भात केलात?" वर्ग हसला. बाई नाही हसल्या. "कॉलेजची पदवी कुणी घेतली?"

"द्वारकाने. आमच्या घरातली पहिली."

"मग मी तिलाच शिकवीन."

बाईंना वेड एकच, हजारेक वर्षांपूर्वीच्या कोरियातल्या कोर्यो राजघराण्यातली एक राजकन्या. घराण्याची सत्ता बाहेर जाऊ नये म्हणून दरबाराने तिचं लग्न सावत्र भावाशी लावलं. बखरीत ती राजाची मुलगी, राजाची बायको, संपलं. "भेट आलेल्या घोड्यांची नोंद आहे," बाई पुटपुटत, "हिचं नाव लिहायला शाई संपली मेल्यांची!"

केंद्राने या राजकन्येवर त्यांचं व्याख्यान ठेवलं. 'किम' लिहा असं बजावूनही फलकावर लिहिलं 'कानेदा'. अधिकारी कमरेत वाकून म्हणाला, "श्रोत्यांना सोयीचं पडेल." त्यापेक्षा शिवी परवडली!

त्या दिवशी बाई पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या. अधिकाऱ्याने कानेदा-सानना, म्हणजे कानेदाबाईंना, मंचावर बोलावलं. बाई ढिम्म. तो घाईघाईने खाली आला. "चला ना, सेन्सेई." शिक्षकांना तिथे असंच म्हणतात.

बाई अगदी हळू म्हणाल्या, "मीही त्यांचंच ऐकायला आलेय. आल्या नाहीत वाटतं."

शेवटी तो पडेल आवाजात म्हणाला, "किम-सान." बाई उठल्या, आधी फलक उतरवायला लावला, मगच बोलल्या.

पुढच्या वर्षी केंद्राने त्यांना वर्ग दिला नाही. म्हणे, गरज नाही. खोटारडे! शिक्षिका मिळत नव्हत्या म्हणून आमचे दोन वर्ग एकत्र बसवले होते. मी भांडायला निघाले तर बाईंनीच अडवलं. "माझं भांडण मी भांडले, द्वारका-सान. तुमचं सासरी आहे."

मी पुण्याला फोन लावला, यापुढे द्वारका हेच नाव लावणार म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सासरचं नाव घेतलं की घरात पाऊल नीट पडतं."

"आई, पाऊल माझंच आहे," मी म्हटलं. त्या बरेच महिने बोलल्या नाहीत.

किमबाई आता नाहीत. राजकन्येवरचं त्यांचं पुस्तक त्या असतानाच निघालं, किम याच नावाने. परत आल्यावर मी इतिहासात एम.ए. केलं आणि कॉलेजात शिकवायला लागले. मला सगळे द्वारकाबाई म्हणतात. सासूबाईसुद्धा.