हुंगलेला चाफा

लग्नात कुणी मनगटाला चाफ्याचं अत्तर लावलं, की मला हिर्डोशीतलं आमचं अंगण आठवतं. अंगणात सोनचाफा होता, आजूबाजूच्या वाड्यांत तेवढा एकच. तेव्हा संस्थान होतं. इनामदारांचा दिवाणजी रोज सकाळी यायचा आणि देवाच्या नावानं सगळी फुलं न्यायचा. देवळात मात्र ओंजळभरच दिसायची; बाकीची भोरला अत्तरवाल्याकडे जातात हे गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. एकदा माझ्या आईनं एक फूल नाकाशी नेलं, तर तो खेकसला, "हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, ठेव खाली." आईनं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं उजाडताच फुलं काढली, दवानं ओली टोपली मांडीवर घेतली आणि त्याच्या देखत एकेक फूल हुंगलं, अगदी सावकाश. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. मग तिनं टोपली त्याच्यापुढं सरकवली. "समदी म्या हुंगली. आता देवाला चालायची न्हाईत. अत्तराला चालत असतील तर न्या, पर तसं चारचौघांत सांगून न्या." तो रिकाम्या हातानं गेला. त्या दिवशी वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या अंबाड्यात चाफा होता. मी आजही देवाला फूल वाहते, पण आधी हुंगते.