चार वाजताचं कम्युटेशन फेल्युअर

आमच्या स्टेशनात किस्से धुळीसारखे जमतात. आज पुसा, उद्या पुन्हा तेवढेच! मी चारचौघांत फारसा बोलत नाही, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

दिंद्रुडच्या रस्त्याला आमचं विजेचं स्टेशन. लांबून डीसी करंट येतो, आम्ही त्याचा एसी करून पुढे पाठवतो. मी तिथे कंत्राटी फिटर. शाळा नववीत सुटली, मग आईबापाबरोबर ऊसतोड.

*

एकदा आमचे स्टेशनप्रमुख शिंदेसाहेब नव्या इंजिनिअर पोरांसमोर म्हणाले, "दत्ता, कम्युटेशन फेल्युअर म्हणजे काय, तू सांग."

कसाबसा म्हणालो, "साहेब, उसाची मोळी खालचा वरच्याला देतो. वरच्यानं धरली, की खालच्यानं झटक्यात सोडायची. करंट बी असाच एका व्हॉल्व्हकडून, म्हंजी विजेच्या झडपेकडून, दुसऱ्याकडं जातो. बाहेरचं व्होल्टेज अचानक पडलं, तर पहिल्याला सोडायला वेळच पुरत न्हाई. मोळी अडकली!"

"मग पडते कुणाच्या पायावर?"

"मुकादमाच्या, साहेब."

सगळी पोरं शिंदेसाहेबांच्या पायाकडे बघायला लागली!

*

आईला सांगितलं, "डोळ्याचं पातं लवायच्या आत बिघडतं, अन् लगेच सुरळीत बी होतं."

आई म्हणाली, "मग तुला आठ तास काहून ठिवून घेत्यात?"

*

आता खरा किस्सा. एका सोमवारी मी व्हॉल्व्ह हॉलमध्ये थंड पाण्याचा एक पाइप आवळला. मंगळवारी चारला अलार्म! कम्युटेशन फेल्युअर! बुधवारी पुन्हा, चारलाच. नेमकी पाळी बदलायची वेळ.

सकाळचा पवार म्हणायचा, "तुमी आलात अन् झालं!"

दुपारचा सय्यद म्हणायचा, "तूच जाता जाता करून ठिवतो बे!"

गुरुवारी लागोपाठ दोन झाले. तिसरा झाला असता, तर निम्मं स्टेशन आपोआप बंद पडलं असतं. तेव्हा दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, "सोमवारी हॉलमध्ये दत्ता गेलता!"

शिंदेसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "उद्या संध्याकाळी रिपोर्ट जाणार. कारण सापडलं नाही, तर तुझं नाव लिहावं लागेल."

कंत्राटी माणसाचं नाव लिहिलं, की तो गेलाच.

शुक्रवारी साडेतीनपासून मी यार्डात उभा. चारला अलार्म वाजला आणि थोड्या वेळानं बाहीवर एक काळी कपची येऊन बसली. बोटानं चुरली. जळकं पाचट! उसाचं! मी धावतच कंट्रोल रूममध्ये शिरलो आणि जन्मात पहिल्यांदा साहेबांवर ओरडलो, "साहेब, गाडी काढा!"

रस्त्याकडेला, आमच्या एसी लाइनच्या बरोबर खाली, तोडलेल्या उसाचं पाचट पेटलं होतं. धूर थेट तारांना भिडलेला. एक म्हातारी काठीनं जाळ सारत होती.

साहेब गाडीतूनच ओरडले, "मावशी, तारेखाली जाळू नका! या धुरातून वीज खाली उतरते, आमचं व्होल्टेज पडतं! आणि रोज बरोब्बर चारलाच का?"

"एकटी हाय बाबा, रोज थोडं थोडं जाळते. जाळ पसरला तर मानसं नकोत का हाताशी? चारला तुमच्या पाळीची गाडी हितनं येती-जाती."

साहेब गाडीतून खाली उतरले. मग त्यांनी रिपोर्ट बॉनेटवर ठेवून लिहून टाकला. मी हळूच डोकावलो. 'कारण' या रकान्यात माझं नाव नव्हतं. लिहिलं होतं, "पाळीची गाडी रोज वेळेवर धावते."