कंपाउंडरकाका बी तपासतात

छत्तीस वर्षं ज्या माणसाने दवाखान्याच्या खिडकीतून अख्ख्या वस्तीला औषधं दिली, त्याच्या हातून एक साधं भेंडीचं रोप उगवू नये, ही गोष्ट कंपाउंडरकाकांना फार झोंबत होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लोक त्यांना कंपाउंडरच म्हणत आणि रस्त्यात थांबवून "काका, तुमच्या हाताला गुण होता हो" असं वर ऐकवत. काका मान डोलवायचे आणि घरी येऊन गच्चीवरच्या चौदा कुंड्यांकडे बघत बसायचे. चौदाच्या चौदा रिकाम्या. दोन हंगाम बी पेरलं आणि दोन्ही हंगाम नुसत्या मातीला पाणी पाजलं. तेसुद्धा औषधाच्या मापाच्या ग्लासाने, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

शेवटी काकूंचा धीर सुटला. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण मातीच्या पोत्याला ठेचकाळून त्यांच्या पायाचा अंगठा सुजला होता.

"अहो, महिनाअखेरपर्यंत वर हिरवं काही दिसलं नाही ना, तर कुंड्या भंगारात," त्या म्हणाल्या. "मला चादरी वाळत घालायला जागा उरली नाहीये."

"अगं, मातीचा दोष असेल."

"माती दोनदा बदललीत. आता माणूस बदलायचा तेवढा राहिलाय."

काकांच्या लेखी प्रश्न कुंड्यांचा नव्हताच. आपण आता कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, ही शंका त्यांच्या मनात घर करून होती आणि कुंड्या गेल्या की ती खरी ठरणार होती.

त्या दुपारी त्यांनी बियांची जुनी पाकिटं काढली. ती अर्थातच जपून ठेवलेली. या माणसाने आयुष्यात एक वेष्टन कधी फेकलेलं नव्हतं. चष्मा पुसून एक पाकीट उलटं केलं. मागे बारीक अक्षरात मुदत छापली होती. काकांनी ते विकत घेतलं त्याच्या वर्षभर आधीच ती संपून गेली होती. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तर नेमकी तारखेवरच किमतीची चिकटपट्टी.

आता याला काय म्हणावं? मुदतीला आठवडा उरला तरी खोकल्याची बाटली परत पाठवणारा, खुद्द डॉक्टरांना तोंडावर नाही म्हणणारा हा माणूस, आणि तोच लालबुंद टोमॅटोच्या चित्राला भुलला! औषधाच्या खोक्यावर बघण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे हात आपोआप तारखेकडे जायचा. इथे पुढचीच बाजू इतकी देखणी, की पाकीट उलटं करायचं त्यांना सुचलंच नाही. काका स्वतःवर मनसोक्त चिडले. चिडून झाल्यावर मात्र एकदम हलकं वाटलं. दोष हाताचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, जिथून बी घेतलं होतं त्या दुकानात स्वारी हजर. खताची पोती, फवारणीचे पंप आणि दारातच, दिवसभर उन्हात तापणाऱ्या काचेच्या कपाटात बियांची पाकिटं.

"ही इथे कधीपासून आहेत?" काकांनी विचारलं.

"काका, बी आहे ते, गोळ्या नाहीत," दुकानदार हसत म्हणाला. "बियाला कसली आलीय तारीख?"

"मग छापलीय कशाला?"

"छापायची म्हणून छापतात हो."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही कान टवकारले. काकांनी आवाज चढवला नाही. दवाखान्यात भल्याभल्यांना त्यांनी याच आवाजात रांगेत उभं केलं होतं.

"असं करू. मी सहा पाकिटं विकत घेतो. प्रत्येकातले दहा दाणे ओल्या कापडात ठेवायचे, इथेच, तुमच्या गल्ल्याशेजारी. आठ दिवस. सहाही पाकिटांतले दहापैकी सात-सात उगवले तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन. जे नाही उगवलं, त्या बियाची सगळी पाकिटं कपाटातून खाली."

गिऱ्हाइकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. दुकानदार हो म्हणाला.

काका घरून गॉजच्या पट्ट्या, चिमटा आणि सहा बशा घेऊन आले. चिमट्याने दाणे ओळीत मांडले, पट्टी भिजवून पिळली, घडी घातली आणि बशीवर नंबर टाकला. मग रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तपासणी. चौथ्या दिवसापासून लोक काही घ्यायचं नसतानाही डोकावू लागले. "काय म्हणतायत पेशंट?" असं ते दुकानदारालाच विचारत. दुकानदाराचं हसू दिवसेंदिवस आटत चाललं.

पाचव्या दिवशी त्याने काकांना आत बोलावलं आणि टेबलाच्या खणातून कागदाची एक पुडी काढली. पुडीवर चित्र नव्हतं, तारीख नव्हती, काही नव्हतं.

"याचेही दहा दाणे लावून बघा. घेवडा आहे."

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनी कसली! माझी आई परसात लावते. शेंगा वेलावरच सुकवते आणि बी राखते. घरी आम्ही हेच खातो."

"म्हणजे तुमच्या घरी हे, आणि आम्हाला कपाटातलं?"

दुकानदाराने पुडी पुढे सरकवली. काकांनी सातवी बशी मांडली.

आठव्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. काका एकेक घडी उघडून मोठ्याने वाचत होते. भेंडी, शून्य. काकडी, एक. पालक, दोन. वांगं आणि मिरची, शून्य. टोमॅटो, आठ. आणि सातव्या बशीत घेवड्याचे नऊ कोंब, जाडजूड, पांढरेशुभ्र. दुकानदाराने कुणी न सांगता पोतं घेतलं आणि पाच जातींची पाकिटं त्यात भरली. उरलेली पुडी त्याने काकांच्या हातात दिली आणि पैशाला हातही लावला नाही.

घरी काकांनी पुडीतले बाकीचे दाणेही ओल्या कापडात ठेवले; त्यांना कोंब आले तेव्हा महिनाअखेरीला पाच दिवस उरले होते. कोंब आलेलेच दाणे काकांनी कुंड्यांत लावले आणि मापाचा ग्लास कपाटात ठेवून दिला. पाचव्या सकाळी वर जायची त्यांची छाती होईना. ते जिन्याच्या पायथ्याशी चहा घेऊन बसले. काकू चादरींची बादली घेऊन वर गेल्या, आणि तिथूनच हाक आली.

"अहो! आधी वर या!"

काका वर पोचले तेव्हा काकू उकिडव्या बसून मोजत होत्या. मातीची ढेकळं डोक्यावर उचलून घेवडा वर आला होता, कुंडीमागून कुंडीत. "सत्तावीस," काकू म्हणाल्या. "मी दोनदा मोजले." काकांचे डोळे घळाघळा वाहू लागले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"रडताय काय असे? लोक बघतील."

"बघू देत," काका म्हणाले. "सगळ्यांना बघू देत!"

दीड महिन्याने दुकानदार मोठी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. दार काकूंनी उघडलं.

"काका आहेत? नवा माल आलाय. त्यांनी पास केल्याशिवाय कपाटात ठेवत नाही मी."

"वर आहेत. चपला इथे काढा, आणि कठड्याच्या बाजूने जाऊ नका. वेलांना फुलं आलीयत."

"काकू, माझ्याच आईचं बी आहे ते!"

"असेल," काकू म्हणाल्या. "वेल आमच्या ह्यांचे आहेत."