कोट, समन आणि धनलक्ष्मी

आमच्या गल्लीत ज्याला गुपित ठेवायचं असेल त्यानं सरळ घर बदलावं. भिंती पातळ, खिडक्या समोरासमोर आणि अख्ख्या रांगेत टेलिफोन एकच, तोही कस्तुराक्कांकडे. तरीसुद्धा १९९४ च्या फेब्रुवारीत पद्मावतीबाई कडोलकरांनी एक गुपित नऊ दिवस पोटात ठेवून दाखवलं. जे. पी. नगरात तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

पद्मावतीबाई निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरात आल्या त्याला तेवीस वर्षं झाली होती. कन्नड असं फर्डं बोलत की भाजीवाली त्यांना मंड्या जिल्ह्यातल्या समजे. वाचता मात्र येत नव्हतं. शाळा मराठी झाली, पुढं संसार झाला, अक्षरं राहून गेली. किराणा घ्यायच्या त्या ‘धनलक्ष्मी स्टोअर्स’ची पाटी तेवढी रोज बघून बघून डोळ्यांत बसली होती.

नवरा पुरुषोत्तमराव सहा वर्षं मस्कतला, एका बांधकाम कंपनीच्या गोदामावर. माणूस साधा, पण सही राजाची. आधी एक लांब वेलांटी, मग मोराच्या पिसाऱ्यासारखं नाव आणि खाली दोन रेघा. या सहीचा त्यांना इतका अभिमान, की कुणी कागद पुढं केला की ते पेन आधी काढत आणि ‘काय आहे?’ असं मागाहून विचारत. पुष्कळदा विचारायचं राहूनच जाई.

लेक आर्याचं लग्न वीस फेब्रुवारीला होतं. मुलगा शुभंकर, आणि त्याचे वडील जयतीर्थराव म्हणजे धारवाडचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलासुद्धा शिस्तीत उभ्या राहतात, असं लोक सांगत. पुरुषोत्तमराव एकोणीसला येणार होते. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं आणि आठ तारखेला भर दुपारी नागराज नावाचा पोलीस सायकलवरून दारात उतरला.

“पुरुषोत्तम कडोलकर?” त्यानं कन्नडात विचारलं.

“मस्कतला आहेत.”

“कोर्टाचं समन्स आहे. घरात दुसरं कुणी पुरुषमाणूस?”

“नाही.”

“मग दाराला चिकटवतो.” असं म्हणून त्यानं पिशवीतून डिंकाची बाटली काढली.

दाराला चिकटलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीनं पाठ केलं. पद्मावतीबाई दार अडवून उभ्या राहिल्या. “अण्णा, उन्हातनं आलात. आत या, स्वल्प कॉफी घ्या.”

दोन पेले कॉफी आणि सहा चकल्यांनंतर कायदा जरा मऊ झाला. “सरी, बरं अम्मा, तुम्हीच सही करा,” नागराज म्हणाला. “पण अठराला कोर्टात आले नाहीत तर वॉरंट निघेल हं.”

वॉरंट हा शब्द ऐकला आणि पद्मावतीबाईंचे कान मिटले. त्यानंतर नागराजनं खटला कसला, बोलावणं कशासाठी, हे सगळं नीट समजावून सांगितलं. बाई मान डोलवत राहिल्या. आत एक अक्षर गेलं नाही.

तो गेल्यावर त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. सगळं कन्नड. मधेच एक नाव मात्र ओळखीचं निघालं. पाटीवरचंच, अक्षर न् अक्षर तेच. धनलक्ष्मी.

दुकान कशाला कोर्टात जाईल? म्हणजे बाई. ही कोण?

वाचून घ्यायचं तर कुणाकडून? आर्याला कन्नड फडाफडा येत होतं, पण बापाच्या नावाचा असला कागद नवऱ्या मुलीच्या हातात कसा द्यायचा? कस्तुराक्कांना दाखवणं म्हणजे आकाशवाणीवर देणं. मस्कतला फोन करायचा तर तोही त्यांच्याच बैठकीतून. जयतीर्थरावांच्या कानावर गेलं, की व्याही कोर्टकचेरीवाला आहे आणि मधे एक धनलक्ष्मीही आहे, तर लग्नाचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शेवटी तार करायचं ठरलं. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे तार ऑफिसातल्या कारकुनाला पत्ता लागायचा नाही. पद्मावतीबाईंच्या माहेरी समन्सला सगळे समनच म्हणत. त्यांनी जयनगरला जाऊन एकेक अक्षर कोरून लिहिलं: KORT SAMAN 18 CHYA AAT YA. कोर्ट समन, अठराच्या आत या.

“ही कुठली भाषा अम्मा?” कारकुनानं विचारलं.

“मराठी.”

“अर्थ काय?”

“घरगुती आहे,” बाई म्हणाल्या, आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन घरी आल्या.

जयनगर ते मस्कत या प्रवासात ‘कोर्ट’मधला र अरबी समुद्रात पडला. समन आणि सामान तर इंग्रजी अक्षरांत जुळी भावंडं. पुरुषोत्तमरावांनी वाचलं: कोट, सामान, अठराच्या आत या. ते मनात म्हणाले, जावयाला कोट हवा दिसतोय, बरं झालं आधी कळवलं. त्यांनी रजा दोन दिवस अलीकडे ओढली, बाजारात जाऊन एक निळा कोट घेतला, घड्याळं घेतली, अत्तरं घेतली, इस्त्री घेतली, आणि बायकोच्याच धाटणीची उलट तार केली: KOT GHETLA SAMAN BARECH KALJI NAKO 17 LA YETO.

ही तार पद्मावतीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून वाचली. त्यांच्या तारेत कोर्ट होतं, तेव्हा याही तारेत कोर्टच असणार. ‘कोर्ट घेतला’ याचा अर्थ लागेना. ‘समन बरेच’ याचा मात्र लख्ख लागला. बरेच. म्हणजे धनलक्ष्मी एकटी नव्हती. आणि वर काळजी नको.

त्या दिवशी भात करपला. कस्तुराक्कांना करपल्याचा वास येतोच, त्या वाटी घेऊन हजर झाल्या.

“काय पद्मा, मस्कतहून तार म्हणे. माझा फोन मेला काय?”

“नाही हो अक्का. यांना तार आवडते.”

“सहा वर्षं नाही आवडली ती? आणि तो पोलीस परवा पाऊण तास बसला होता, तोही आवडतो?”

“पासपोर्टच्या चौकशीला आला होता.”

“माणूस विमानानं जाऊन सहा वर्षं झाली, आणि यांची चौकशी आत्ता पोचली होय,” कस्तुराक्का म्हणाल्या आणि वाटी रिकामीच घेऊन गेल्या. जे न्यायला आल्या होत्या ते मिळालं होतं.

सतरा तारखेला सकाळी दाराशी रिक्षा थांबली. मुंबईहून रेल्वेनं आलेले पुरुषोत्तमराव घामानं थबथबलेले आणि अंगात निळा कोट. बॅगेत चुरगळू नये म्हणून मस्कतपासून घालून आले होते.

पद्मावतीबाईंनी पाणीसुद्धा पुढं केलं नाही. “अहो, धनलक्ष्मी कोण?”

“कुठली?”

“म्हणजे पुष्कळ आहेत का?”

“अगं, दुकान ना आपलं? काय झालं त्याला?”

“विषय बदलू नका. समन बरेच आहेत म्हणालात ना? किती आहेत ते एकदाचं सांगून टाका.”

“दोन बॅगा आणि एक खोका,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “इस्त्री वेगळी.”

बाईंनी त्यांची तार पुढं टाकली, त्यांनी कोटाच्या खिशातून बाईंची काढली. मग दोन्ही तारा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि हरवलेला र सापडला. हसावं की रडावं ते ठरेना. गलका ऐकून आर्या आली, तिनं आईच्या मुठीतला कागद काढून घेतला आणि सरळ वाचून दाखवला.

“बाबा, आरोपी म्हणून नाही, साक्षीला बोलावलंय. सत्याऐंशी सालची गायीची चोरी. फिर्यादी धनलक्ष्मी, धंदा दुधाचा. पंचनाम्यावर तुमची सही आहे.”

पुरुषोत्तमरावांनी डोळे मिटून आठवलं. “हां. सकाळी फिरायला गेलो होतो. तळ्यापाशी पोलीस उभे होते. सही करता का, म्हणाले.”

“आणि केलीत,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“पेन होतं खिशात.”

अठराला दोघं कोर्टात गेली. कोट घालूनच, कारण बाईंचं म्हणणं, साक्षीदार तरी अब्रूदार दिसू दे. खटला पुकारला गेला आणि पद्मावतीबाईंचं लक्ष मागच्या बाकाकडे गेलं. छत्री दोन गुडघ्यांत धरून जयतीर्थराव बसले होते. लग्नासाठी कालच धारवाडहून उतरले होते. कस्तुराक्कांचा फोन जिथं पोचायचा तिथं पोचला होता. लग्नाला उरले होते दोन दिवस.

आरोपीचा वकील पुरुषोत्तमरावांच्या मागंच लागला. “सात वर्षांपूर्वीची सही. तुमचीच कशावरून?”

“कागद द्या, परत करून दाखवतो.”

त्यांनी केली. वेलांटी, पिसारा, दोन रेघा. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी धरले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“गाय कशी होती?” वकिलानं विचारलं.

“तांबडी. कपाळावर पांढरा ठिपका. मी सही करत होतो तोवर तिनं माझा शर्ट खाल्ला.”

“कशावरून?”

“बायकोला विचारा. घरी गेल्यावर मला बोलणी बसली होती.”

कोर्ट हसलं. पुढच्या बाकावरची एक वाळकी म्हातारी मात्र पदर डोळ्यांना लावून बसली होती. ही धनलक्ष्मी. सत्तरीची, तोंडात दात दोन. बाहेर व्हरांड्यात तिनं पुरुषोत्तमरावांचे दोन्ही हात धरले. “बाकीचे पंच कुणी आले नाहीत बघ. तू एवढ्या लांबनं आलास, मगने, माझ्या लेका.”

तिला बघून पद्मावतीबाईंना आपली लाज वाटली. पण लाज वाटायलाही सवड नव्हती, कारण छत्री टेकत जयतीर्थराव समोर येऊन उभे राहिले होते.

“कस्तुराबाईंनी फोनवर भलतंच सांगितलं,” ते म्हणाले. “मी खात्री करायला आलो. एका गायीच्या साक्षीसाठी तुम्ही मस्कतहून आलात? लग्नाच्या दोन दिवस आधी?”

पुरुषोत्तमराव सरळ माणूस. “नाही हो, त्याचं असं झालं, की तारेत कोट...”

पद्मावतीबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं. “कोर्टानं बोलावलं म्हटल्यावर यांना राहवतंय होय,” त्या म्हणाल्या. “तार मिळाली आणि निघालेच.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

जयतीर्थरावांनी छत्री काखेत मारली. “एकतीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं,” ते म्हणाले. “त्या पुस्तकातला माणूस आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. शुभंकरला सांगतो, सासऱ्यांकडून शीक.” आणि जाता जाता थांबून, “कोट छान आहे.”

“तो शुभंकरचाच,” पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि तिथंच काढून दिला.

लग्न थाटात झालं. धनलक्ष्मी सकाळीच दुधाची घागर घेऊन आली आणि पहिल्या पंगतीला बसली. कस्तुराक्का दुसऱ्या पंगतीला, जरा नाराज. जेवणं उरकली तसा मंगल कार्यालयाचा मॅनेजर एक कागद घेऊन आला. पुरुषोत्तमरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तो पद्मावतीबाईंनी वरच्यावर धरला.

“आधी वाचा. मोठ्यानं. आणि मराठीत.”

आणि दारात रुखवत उचलणारी माणसं खोळंबून उभी असताना पुरुषोत्तमराव वाचायला लागले: पातेली मोठी चार, झारे सहा, पाट शंभर, एक पाट मोडका.