देवाची पाठ

आमच्या शेजारच्या सुलभाकाकूंना चहाला बोलावलं, की चहा यायच्या आत त्या बशी उलटी करून तिचं बूड बघून घ्यायच्या. मग मिठाची बरणी, मग माझा चष्मा. "तोंड तर समदेच दाखवतात," म्हणायच्या, "मला पाठ दाखव." आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या बाईंची ही खोड मस्तगडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. भाचीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी "जरा वळून उभा राहा" म्हटलं होतं, असं लोक सांगत. खरंखोटं माहीत नाही, पण म्हटलं असेल.

निवृत्तीनंतर त्यांनी घरीच स्कॅनर बनवायला घेतला. बिघडलेल्या प्रिंटरची मोटर, तिच्यावर सावकाश फिरणारी स्टीलची थाळी, लाल रेघ टाकणारा छोटा लेझर आणि काच तडकलेला मोबाइल, सगळं आतून काळं रंगवलेल्या खोक्यात. थाळीवरची वस्तू फिरायची, रेघ तिच्या चढउतारांवरून सरकायची, मोबाइल ते टिपायचा आणि कॉम्प्युटरवर वस्तूचं रूप उभं राहायचं. पहिल्यांदा थाळीवर ठेवलेला बदाम पडद्यावर बटाट्यासारखा निघाला. "जल्दी केली मी," म्हणत त्यांनी मोटर पुन्हा उघडली.

त्याच सुमारास माझी आई आष्टीहून आमच्याकडे राहायला आली. वाटणीत देव थोरल्या घरी, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे राहिले, रीतच ती. मी तिला खंडोबाचा नवा चांदीचा टाक आणून दिला. ती पूजा करायची, पण मन लागायचं नाही. "चांगलाय, पण वळखीचा न्हाई," म्हणायची. लग्न झाल्यापासून रोज न्हाऊ घातलेला देव दुरावला होता, आणि माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता. काकूंनी हे ऐकलं. "एक दिवस तो जुना टाक आणता येतो का बघ. बाकीचं मी करते."

चुलत्यांनी दुसऱ्या दिवशीच्या पूजेआधी परत आणायच्या बोलीवर टाक दिला. देव घरी आला म्हणून आईनं तो चिंचेनं घासून लखलखीत केला, आणि तिथंच घोटाळा झाला. चकाकणाऱ्या चांदीवर लेझरची रेघ फुटली. पडद्यावर देवाच्या जागी नुसती भोकं. काकूंनी टाल्कम पावडरचा डबा उघडला, तशी आई आडवी आली.

"देवाला पावडर? न्हाई बाई!"

"चमक मारायला पाहिजे अक्का, न्हाई तर काहीच दिसत न्हाई."

मी घड्याळाकडे बघत होतो. मग आईच म्हणाली, "मंग भंडारा लावा की. त्याला तोच तर लागतो."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. "बिलकुल बराबर, अक्का!" हळदीनं माखलेला खंडोबा थाळीवर फिरला आणि घोड्यासकट पडद्यावर उभा राहिला. मी टाक उचलायला गेलो, तर काकूंनी हात धरला. "थांब. पाठ राह्यली."

टाकाची पाठ कोण बघतं? पण तिथं एक खोलगट जागा होती, आईच्या आणि तिच्या आधीच्या सासवांच्या बोटांनी झिजलेली. काकूंनी तिथं बोटानं भंडारा दाबला आणि थाळी पुन्हा फिरवली.

त्या रूपावरून साचा करून सराफानं नवा टाक ओतून दिला. आईनं तो हातात घेतला, डोळे मिटले. बोट आपोआप पाठीवर गेलं. "माझी जागा हाय की," म्हणाली आणि रडली. काकूंनी मात्र सवयीनं टाक उलटून बघितला. खोलगटात बारीकसा उंचवटा होता. "भंडाऱ्याची गुठळी राह्यली. चूक माझीच. दुसरा करून देते."

आईनं टाक पदराखाली घेतला. "ऱ्हाऊ द्या बाई. आता त्याला हात न्हाई लावायचा."

गेल्या वर्षी काकू झोपेतच वारल्या. त्यांचा स्कॅनर माझ्याकडे आहे. त्यांचे आभार कसे मानायचे, हे मला कधी जमलं नाही. आईला जमतं. रोज देवाला न्हाऊ घालताना तिचं बोट पाठीवर फिरतं, काकूंच्या त्या उंचवट्यापाशी थांबतं आणि ती हळूच म्हणते, "या बाई."