अर्थ सांगणारा

आमच्या तिसगावात पोथी लावायची म्हणजे माणसं दोन लागत, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. वाचणारा मी. ओवी खणखणीत म्हणायची आणि थांबायचं. मग शेजारी बसलेले माझे चुलते, तात्या, तिचा अर्थ सांगत. त्यांची दृष्टी गेलेली, पण पोथी सगळी डोक्यात. अर्थाची कटकट मला कधी नव्हतीच.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास नगरला कॉलेजात गेलो. वडील म्हणाले, "एकदा जरी नापास झालास, तर गुमान येऊन औत धर." झेंडीगेटाजवळच्या खोलीत बसून इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी मोठ्यानं वाचायचो आणि परिच्छेद संपला की थांबायचो. सवयच ती! पण तिथं अर्थ सांगायला होतं कोण? जेवलास का, हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं. भिंतीकडं बघत बसायचो, रडू यायचं. शेवटी सबंध पुस्तक पाठ केलं.

सहामाहीला तेच धडाधडा उतरवलं. पेपर परत देताना सर म्हणाले, "हे लेखकाचं झालं. तुम्हाला पटलं का?" आता छापलेलं पटायचं काय असतं? मी पेपरातच उत्तर शोधू लागलो. वर्गात हशा पिकला.

मग मी एक खुळचट उद्योग सुरू केला. परिच्छेद वाचायचा, उठून सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला तात्यांसारखं बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हां, हा बाबा म्हणतो काय? आन् कशावरून म्हणतो?" एके दिवशी सापडलं. म्हणे राजाच्या राज्यात प्रजा सुखी होती, आणि पुरावा म्हणून दिलेला कागद राजाच्याच कारकुनाचा! अरे लबाडा! मी एकटाच ओरडलो.

पास झालो. श्रावणात गावी देवळात पोथीला बसलो. ओवी म्हटली, थांबलो. तात्या अर्थ सांगू लागले, माणसं माना डोलवू लागली. आणि माझ्या ध्यानात आलं, हे ओवीत नाहीच. तात्या मनचं घालताहेत. पुढच्या ओवीलाही तेच. गोड होतं, पण सगळं त्यांचंच.

पुढची ओवी घ्यायची राहिली. तात्यांनी मान वळवली. "का रं थांबलास? काय चुकलं का माजं?"

"न्हाई तात्या," मी म्हणालो आणि ओवी म्हटली. शेजारी तात्या होते, देऊळ माणसांनी भरलेलं होतं, आणि मला नगरची ती खोली आठवत होती.